झाकली मूठ, महिन्याला सव्वा लाखाची



गेल्या वर्षी गुढीपाडव्याला मी तुमच्यापैकी कितीतरी जणींना एक फोटो दाखवला होता. निळ्या रंगाची, जमिनीला टेकल्यासारखी बुटकी, दोन दारांची गाडी. बॉनेटवर हार आणि शेजारी गॉगल लावून उभा असलेला आमचा धाकटा. बस्तीतून बाहेर पडताना, चपला शोधता शोधतासुद्धा मी मोबाईल पुढे करत होते. "डल्लासला असतो ना, त्यानं घेतली." तुम्ही सगळ्यांनी कौतुक केलंत. कुणी पेढे मागितले, मी दिलेही.

ती गाडी आता त्याच्याकडे नाही. विकली म्हणावं तर ती त्याची कधी नव्हतीच. आम्ही सोडवणूक करून घेतली, असं मी म्हणते. गाडीची नव्हे, मुलाची. फोटो जसा सगळ्यांना दाखवला तसं हेही सगळ्यांना सांगायला हवं, नाहीतर ते कौतुक निम्मं खोटं ठरेल. मुलाला आणि सूनबाईला विचारूनच लिहिते आहे. "लिही आई, माझ्यासारखे अजून दोघं-तिघं आहेत इथे," असं तो म्हणाला.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. परवडत नसलेली वस्तू जितक्या लवकर सोडाल तितकं नुकसान कमी. ती सोडायला उशीर होतो तो बहुतेक वेळा पैशामुळे नाही, लोक काय म्हणतील यामुळे होतो. आणि ते 'लोक' म्हणजे पुष्कळदा आपणच असतो, घरातल्या बायका.

डिसेंबरात त्याचं लग्न झालं. फेब्रुवारीत सूनबाई तिकडे गेली आणि एप्रिलच्या शेवटी मी आणि आमचे हे तीन महिन्यांसाठी गेलो. विमानतळावर न्यायला तो मित्राची मोठी गाडी घेऊन आला होता, कारण त्याच्या गाडीत आम्ही चौघं आणि चार बॅगा मावल्याच नसत्या. तिथेच मला पहिल्यांदा खटकलं. दुसऱ्या दिवशी हौसेनं मला एकटीला फिरवायला नेलं. बसताना हात सीटला लागला आणि मी विचारलं, "हे कातडं आहे का रे?" तो म्हणाला, "आई, त्या पॅकेजमध्येच येतं ते." ज्या घरात चामड्याचा पट्टा घेत नाहीत, त्या घरातल्या मुलानं महिन्याच्या महिन्याला पैसे भरून कातड्यावर बसायची सोय केली होती. मी काही बोलले नाही. पिशवीतली शाल पसरली आणि बसले.

खरं काय ते पंधरा दिवसांनी कळलं. किराणा दुकानात सूनबाईनं तुपाची बाटली उचलली, किंमत पाहिली आणि परत ठेवली. मग लहान बाटली उचलली, तीही ठेवली. घरी आल्यावर म्हणाली, "आई, रागावणार नसाल तर एक दाखवू?" तिनं कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर सगळा हिशेब लिहून ठेवला होता. लग्न होऊन पाच महिने झालेली मुलगी नवऱ्याला विचारायला भीत होती आणि कागदाला विचारत होती.

हातात येणारा पगार ५,२०० डॉलर. घरभाडं १,६५०. शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता ७५०. किराणा, वीज, फोन वगैरे ९५०. क्रेडिट कार्डावर लग्नाच्या वेळचे ९,००० डॉलर साचलेले, त्याचे कमीत कमी २७० भरायचे. आणि गाडी: हप्ता १,१०८, विमा २९०, पेट्रोल १६०, कारण त्या इंजिनाला महागातलंच पेट्रोल लागतं. गाडीचे एकूण १,५५८. सगळी बेरीज ५,१७८. महिन्याअखेर हातात उरायचे २२ डॉलर. गाडी घेतली तेव्हा वर्षाचा बोनस धरला होता. तो बोनस कंपनीनं बंद केला.

आपल्याकडे म्हणतात ना, झाकली मूठ सव्वा लाखाची. १,५५८ डॉलरचे रुपये केले तर सव्वा लाखाच्या पुढेच जातात. आमच्या मुलाची झाकलेली मूठ खरोखरच सव्वा लाखाची होती, पण दर महिन्याला.

आता ही लीज म्हणजे काय ते मला जसं समजलं तसं सांगते. आपल्याकडे खंडानं शेत करतात. शेत मालकाचं, कसणारा वर्षाला ठरलेला खंड देतो, मुदत संपली की शेत परत. तिकडे गाडीचं तसंच. गाडी विकत घेते लीज कंपनी, मुलगा फक्त ३६ महिने वापरतो. सुरुवातीलाच दोन आकडे ठरतात: आजची किंमत आणि तीन वर्षांनी उरेल असं धरलेली किंमत. याची गाडी ७०,००० ला धरली होती, मुदतीअखेरची किंमत ४०,०००. मधले ३०,००० म्हणजे गाडीची घट. ती ३६ महिन्यांत वाटली की महिन्याला ८३३ डॉलर. त्यावर भाडं, म्हणजे खरं तर व्याज. पण कागदावर व्याजाचा टक्का दिसत नाही. तिथे 'मनी फॅक्टर' नावाचा एक इवलासा आकडा असतो, याच्या करारात ०.००२५. दिसायला काहीच नाही. त्याला २,४०० नं गुणलं की वर्षाचा साधारण दर कळतो: ६ टक्के. दोन्ही किमतींच्या बेरजेला, म्हणजे १,१०,००० ला, या आकड्यानं गुणलं की २७५ डॉलर. ८३३ अधिक २७५, झाले १,१०८. सूनबाईनं हे मला तासाभरात शिकवलं. मला जमलं, म्हणजे कुणालाही जमेल.

शिवाय टेक्सासमध्ये लीजच्या गाडीवरचा ६.२५ टक्के कर पूर्ण किमतीवर लागतो. तो भरायचा असतो लीज कंपनीनं, पण ती तो घेते गिऱ्हाइकाकडूनच. गाडी तीनच वर्षं वापरायची, पण कर सगळ्या ७०,००० वर. ते ४,३७५ डॉलर यानं पहिल्याच दिवशी साठवणीतून भरले होते.

आणि मैलांची मर्यादा. वर्षाला १०,००० मैल, वर गेलं की मैलामागे २५ सेंट. चौदा महिन्यांत गाडी १५,२०० मैल पळाली होती, चालायला हवी होती सुमारे ११,७०० मैल. म्हणजे रोज ऑफिसला जाता-येतासुद्धा दंड वाढत होता. मर्यादेपुढे गेल्यावर आपण वापरू तितकं देणं वाढावं, अशी ती 'आपली' गाडी.

मी रात्री त्याला जवळ बसवलं. ओरडले नाही. फक्त म्हटलं, "अरे, परत का नाही करत?" तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आई, चौथ्याच महिन्यात कळलं होतं मला. पण तू फोटो सगळ्यांना पाठवला होतास. मामांनी हार घालायला सांगितला होता. बाबा फोनवर प्रत्येक वेळी 'गाडी कशी आहे' विचारतात. मी कशी आहे विचारल्यासारखं वाटायचं ते."

सख्यांनो, त्या रात्री मला झोप लागली नाही. चौथा महिना ते चौदावा महिना, म्हणजे दहा महिने. दहा महिन्यांचे पंधरा हजारांहून जास्त डॉलर आमच्या मुलानं कुणाला दिले? लीज कंपनीला दिले, हे कागदावर. खरं तर त्यानं ते माझ्या फोटोला दिले. सही त्याची होती, जबाबदारी त्याची होती, हे मी नाकारत नाही. अठ्ठावीस वर्षांच्या मुलाला बोनस आणि पगार यातला फरक कळायला हवा. पण बाहेर पडण्याच्या दारात मी माझं कौतुक घेऊन उभी होते, हेही तितकंच खरं.

सकाळी आमचे हे म्हणाले, "चल, आपण महिन्याला हजार डॉलर पाठवू. बावीस महिन्यांचा तर प्रश्न आहे. पोराची पत राहील." बापाचं मन आहे, मी समजू शकते. पण मी ठाम नाही म्हटलं. वस्तू टिकवण्यासाठी दिलेले पैसे म्हणजे खड्ड्यात टाकलेली माती. वस्तूतून बाहेर पडायला लागणारे पैसे देऊ, तेही उसने, वहीत लिहून. आणि मग आम्ही चौघांनी दोन याद्या केल्या.

पहिली यादी: ठेवली तर काय. बावीस हप्ते, २४,३७६ डॉलर. विमा ६,३८०. याच वेगानं चालवली तर शेवटी जादा मैलांचे सुमारे २,२७०. परत करताना लागणारी डिस्पोझिशन फी ३९५. बेरीज ३३ हजारांच्या वर, पेट्रोल वेगळं. आणि तीन वर्षांनी हातात काय? काही नाही. गाडी परत.

दुसरी यादी: सोडायची तर कशी. इथे बऱ्याच जणांचे गैरसमज असतात, आमचेही होते, म्हणून नीट सांगते.

एक, 'तीन दिवसांत परत करता येते' असं पुष्कळ जण म्हणतात. तिकडच्या केंद्र सरकारचा तीन दिवसांचा जो नियम आहे तो दारावर येऊन विकलेल्या मालासारख्या व्यवहारांसाठी आहे. डीलरच्या दुकानात जाऊन केलेल्या गाडीच्या कराराला तो लागू नाही. सही झाली की झाली.

दोन, गाडी नेऊन किल्ली टेबलावर ठेवली की संपलं, असं नसतं. मुदतीआधी स्वतःहून परत केली तरी तो करारभंगच धरला जातो. कंपनी ती लिलावात विकते, कमी आलेली रक्कम वर फीसह तुमच्याकडे मागते आणि पतनोंदीवरचा डाग सात वर्षं राहतो. मुदतीआधी लीज मोडली तर हजारो डॉलर लागू शकतात, हा इशारा करारात छापणं १९७६ च्या तिकडच्या ग्राहक लीज कायद्याखालच्या नियमांनी बंधनकारक केलं आहे. मुलाच्या कागदावरही तो होता. वाचला कुणी होता?

तीन, दुसऱ्या डीलरकडे बदलून घेणं. 'तुमचं कितीही देणं असू द्या, आम्ही फेडतो,' अशा जाहिराती असतात. फेडतात खरं, पण ती रक्कम नव्या गाडीच्या कर्जात घालतात. म्हणजे जुनं दुखणं नव्या अंगात. २०१२ मध्ये तिकडच्या फेडरल ट्रेड कमिशननं असल्या जाहिराती करणाऱ्या काही डीलरांवर कारवाईसुद्धा केली होती. मुलगा याच्या अगदी जवळ पोचला होता. एक फोन करायचा बाकी होता.

चार, गाडी लीज कंपनीकडून पूर्ण विकत घेऊन विकणं. यासाठी कंपनीला आजचा 'पेऑफ' विचारायचा. आला ५९,०००. बाजारात भाव विचारला, सगळ्यात वरचा मिळाला ५१,०००. आठ हजारांचा खड्डा. २०२१ मध्ये चिपच्या टंचाईनं गाड्या मिळेनाशा झाल्या तेव्हा जुन्या गाड्यांचे भाव इतके चढले होते की लीज सोडताना लोकांना उलटे पैसे मिळत होते. मुलाच्या डोक्यात तीच गोष्ट बसलेली, "थांबलो तर भाव येईल." भाव रोज उतरतच होता. आणि एक लक्षात ठेवा: कितीतरी कंपन्या आता दुसऱ्या डीलरला थेट विकू देत नाहीत, किंवा त्याला वेगळा, चढा आकडा सांगतात. म्हणून विचारताना 'मी घेतली तर किती आणि डीलरनं घेतली तर किती' हे दोन्ही विचारायचं.

पाच, लीज दुसऱ्याच्या नावावर करणं. काही कंपन्या परवानगी देतात, काही देत नाहीत. काही देतात, पण नव्या माणसानं हप्ता थकवला तर जुन्यालाच धरतात. याच्या कंपनीनं परवानगी दिली. सूनबाईनं फोनवर चार वेळा विचारून, 'जुन्या गिऱ्हाइकाची जबाबदारी पूर्ण संपते' हे लेखी मागून घेतलं. तोंडी शब्दावर ती विसंबली नाही, याचं मला फार कौतुक वाटलं.

गॅप इन्शुरन्सचंही आम्ही विचारलं होतं. तो गाडी चोरीला गेली किंवा अपघातात पुरती गेली तरच कामाचा. हप्ता झेपत नाही, याला कुठलाच विमा नसतो.

यातला पाचवा मार्ग ठरला. गाडी धुतली, खरे फोटो काढले, उजव्या चाकाच्या रिमवरचा ओरखडाही दाखवला, आणि चालवलेले मैल स्पष्ट लिहिले. तिघांनी विचारणा केली. एकानं मैल कमी उरलेत म्हणून पाय मागे घेतला. शेवटी एक गृहस्थ तयार झाले, त्यांना हप्त्याला हातभार म्हणून ३,००० डॉलर द्यायचे ठरले. कंपनीची नावबदलीची फी ५००, जाहिरातीचे १००. पाच आठवडे लागले, तोवर आणखी एक हप्ता गेला. पण ३,६०० डॉलरमध्ये मुलगा मोकळा झाला. तेहतीस हजार कुठे आणि छत्तीसशे कुठे!

मग ७,५०० डॉलरला एक अकरा वर्षांची जुनी कोरोला घेतली, मेकॅनिकला आधी दाखवून. तिचा विमा ११०, पेट्रोल ११०. महिन्याला १,३३८ डॉलर वाचू लागले. बाहेर पडायचे ३,६०० आणि जुन्या गाडीचे ७,५००, असे ११,१०० डॉलर आम्ही ठेव मोडून दिले, वहीत लिहून, खाली मुलाची सही घेऊन. फेडायचा क्रमही लिहिला: आधी क्रेडिट कार्ड, कारण त्याला वर्षाला २४ टक्के व्याज आहे, मग आमचे. सगळं मिळून तेरा-चौदा महिने लागतील. म्हणजे ती लीज संपली असती त्याच्या कितीतरी आधी घर त्यातून मोकळं होईल.

कुणी म्हणेल, "एवढं काय त्यात? हप्ते तर सगळ्यांनाच असतात. तरुण पोरगा आहे, हौस करणार नाही तर कधी करणार?" हौसेला माझा विरोध नाही. मीही लग्नानंतर दोन वर्षं पैसे साठवून पैठणी घेतली आहे. पण ती पैठणी घेतल्यावर माझी झोप उडाली नाही. जी हौस तुपाची बाटली परत ठेवायला लावते, ती एकाची हौस आणि दुसरीचा उपास आहे. सूनबाईला तिकडे नोकरीची परवानगी नाही. नवऱ्यानंही दुसरीकडे जादा काम करून हप्ता भरायचा म्हटलं तर त्याचा व्हिसा ते करू देत नाही. आणि नोकरी गेलीच, तर नवी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, नाहीतर देश सोडावा लागतो. अशा माणसाच्या गळ्यात तीन वर्षांचा न मोडणारा करार म्हणजे गळ्यात धोंडा बांधून पोहणं. ती गाडी विमानातून सांगलीला आणता येत नाही. तिचे हप्ते मात्र मागे लागतात.

दुसरं कुणी म्हणेल, "परत दिली म्हणजे पत गेली." कुणापुढे? बँकेपुढे तर नाही. एकही हप्ता थकला नव्हता, म्हणून तर कंपनीनं नावबदली करू दिली. थकल्यानंतर हा मार्ग मिळणं अवघड झालं असतं. सोडायचं असेल तर ते हप्ते वेळेवर जात असतानाच सोडावं. लाज राखण्यासाठी आपण थांबतो आणि थांबल्यानं खरोखरची लाज ओढवून घेतो.

मला यात एक गोष्ट फार जाणवली. आपल्याकडे श्रावकाला परिग्रहाचं परिमाण सांगितलं आहे, आणि परिग्रह म्हणजे नुसती वस्तू नव्हे, वस्तूवरची मूर्च्छा. मी हे लहानपणापासून ऐकत आले, पण नीट कळलं त्या पार्किंगमध्ये. ती गाडी एक दिवसही आमच्या मालकीची नव्हती. कागदावर परिग्रह शून्य. मूर्च्छा मात्र पुरेपूर होती, त्याची डल्लासला आणि माझी सांगलीत. आजकाल वस्तू न घेताही तिचं ओझं वाहता येतं: लीजवर, हप्त्यावर, भाड्यावर. म्हणून परिमाण करताना 'माझ्याकडे काय आहे' एवढंच मोजून चालत नाही. 'दर महिन्याला मी कशाकशाची बांधील आहे' तेही मोजायला हवं. मी यंदापासून वहीत तसं एक पान घातलं आहे.

तुम्ही म्हणाल, हे अमेरिकेतल्यांचं, आम्हाला काय? आपल्याकडेही आता नोकरदारांना कंपनीमार्फत लीजवर गाड्या मिळतात. नोकरी सोडताना ती लीज मोडायला किती लागेल, हे घेतानाच विचारा. कर्जावर घेतली असेल तर मुदतीआधी फेडायचा आकार किती, ते बँकेकडून लेखी घ्या. आणि गाडी विकायची झाली तर आरसी बुकावरचा बँकेचा बोजा उतरवायला बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ लागतो, नुसतं कर्ज फिटून भागत नाही. मोठ्या वस्तूच्या कागदावर घरातल्या बाईनं सही करायची नसली तरी वाचायचं मात्र नक्की. 'ते पुरुषांचं काम' म्हणून आपण बाजूला राहतो आणि मग त्याच हप्त्यासाठी तुपाची बाटली परत आपणच ठेवतो.

आणि मुलगा, सून, भाऊ, नवरा, कुणीही 'झेपत नाही' म्हणाला तर पहिलं वाक्य 'आधी कळत नव्हतं का?' हे नको. ते त्यानं स्वतःला शंभरदा विचारलेलं असतं. पहिलं वाक्य असावं, 'आण कागद, बघू.' दशलक्षणात तिसऱ्या दिवशी आपण उत्तम आर्जव ऐकतो, मन-वचन-कायेनं सरळ राहण्याचं. सरळ बोलायला धैर्य लागतं, हे खरंच. पण सरळ ऐकून घेणारं घर असेल तर ते धैर्य निम्म्यानं पुरतं. आमच्या घरात ते दहा महिने नव्हतं. त्याची क्षमा मी मुलाकडे तिथेच मागितली, क्षमावाणीपर्यंत थांबले नाही.

जुलैअखेर आम्ही परत निघालो तेव्हा विमानतळावर त्याच जुन्या कोरोलात बसून गेलो. चौघंही मावलो, बॅगाही मावल्या. सीट साध्या कापडाच्या होत्या. शाल पसरावी लागली नाही. आदल्या दिवशी सूनबाईनं मोठी तुपाची बाटली आणली होती आणि निघताना शिदोरीसोबत शिऱ्याचा डबा दिला.

मी त्या गाडीचाही फोटो काढला आहे. यंदा बस्तीत भेटाल तेव्हा तोही दाखवीन. पेढे मात्र कार्ड फिटल्यावर.